दामोदर धर्मानंद कोसंबी आणि मातृदेवतांचा मागोवा

१

दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणितज्ञ होते. परंतु महाराष्ट्रातील मातृदेवतांच्या अभ्यासाला त्यांनी जी दिशा दिली ती वगळून या विषयाचा विचार आज करता येत नाही. स्त्रीदेवतांची उपासना आधीची की पुरुषदेवतांची, आणि स्वतंत्र असलेल्या देवी पुढे देवांच्या पत्नी म्हणून दुय्यम स्थानी कशा आल्या, हे प्रश्न युरोपात एकोणिसाव्या शतकापासून चर्चेत होते. योहान याकोब बाखोफेन (१८१५-१८८७) याने १८६१ मध्ये मातृसत्तेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो मुख्यतः ग्रीक व रोमन वाङ्मयाच्या आधारे. कोसंबींनी वाङ्मयाचा आधार सोडला नाही. मात्र त्याच्या जोडीला त्यांनी पुण्याभोवतीच्या जुन्या वाटा, त्या वाटांवरील शेंदूर फासलेले तांदळे, लेण्यांत येऊन बसलेल्या देवी आणि बायकांचे घरगुती विधी हेही पुरावे म्हणून वाचले. या वाचनातून त्यांच्या हाती जे आले ते बाखोफेनच्या चित्रापेक्षा अधिक गुंतागुंतीचे होते. देवी कोणा एका लढाईत हरली नव्हती. कोठे तिने देवाला ठार केले होते, कोठे त्याच्याशी तिचे लग्न लावण्यात आले होते, आणि कित्येक ठिकाणी ती अजून एकटीच उभी होती. पितृप्रधान धर्माची वाढ या तिन्ही अवस्थांच्या परस्परसंबंधातून समजून घ्यावी लागते, हा कोसंबींच्या या क्षेत्रातील कार्याचा गाभा होय.

२

कोसंबींचा जन्म गोव्यातील कोसबें येथे ३१ जुलै १९०७ रोजी झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी बौद्ध धर्माच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडले होते. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश अशी भ्रमंती करून त्यांनी पाली भाषेवर प्रभुत्व मिळवले आणि मराठी वाचकाला बुद्धाची नव्याने ओळख करून दिली. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्राने मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात स्वतःचे स्थान मिळवले आहे. या भ्रमंतीच्या काळात संसाराचा भार पत्नी बाळाबाई यांच्यावर पडला.

हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम धर्मानंदांकडे आले. त्यानिमित्ताने १९१८ मध्ये त्यांच्याबरोबर अकरा वर्षांचे दामोदर आणि त्यांची थोरली बहीण माणिक अमेरिकेस गेली. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे दामोदरांचे शालेय शिक्षण झाले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी उच्च श्रेणीत संपादन केली. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषांशी त्यांचा परिचय याच काळात झाला. होमर आणि ग्रीक नाट्यवाङ्मय मुळातून वाचू शकणारा हा तरुण भारतात परतला तेव्हा संस्कृतचा रीतसर अभ्यास मात्र त्याने केलेला नव्हता. ही उणीव त्यांनी पुढे पुण्यात भरून काढली.

बनारस हिंदू विद्यापीठात व त्यानंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात अध्यापन केल्यावर १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९३४ चे रामानुजन स्मृती पारितोषिक त्यांना मिळाले. भूमिती, संख्याशास्त्र आणि आनुवंशिकीतील अंतरमापनाचे सूत्र या विषयांवरील त्यांचे लेखन आजही त्या त्या शास्त्रात त्यांच्या नावाने ओळखले जाते.

३

गणिताकडून इतिहासाकडे ते वळले ते नाण्यांच्या मार्गाने. संख्याशास्त्राचा उपयोग प्रत्यक्ष सामग्रीवर करून पाहावा म्हणून १९४० च्या सुमारास त्यांनी आहत नाण्यांची वजने मोजण्यास प्रारंभ केला. हातोहात फिरताना नाणे झिजते. त्या झिजेवरून ते किती काळ चलनात होते याचे अनुमान करता येते, ही त्यांच्या अभ्यासामागील कल्पना. एका क्षुल्लक वस्तूवर काळाने केलेली खूण वाचायची आणि तिच्यातून समाजाचा व्यवहार जाणून घ्यायचा, ही दृष्टी येथे घडली. देवीच्या दगडाकडे त्यांनी पुढे याच दृष्टीने पाहिले.

नाणी कोणी पाडली हे कळण्यासाठी ग्रंथांकडे जावे लागले आणि ग्रंथांसाठी संस्कृतकडे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य करणारे वि. सी. सुखटणकर (१८८७-१९४३) यांच्या सहवासात त्यांना पाठचिकित्सेची शिस्त लाभली. शेकडो हस्तलिखितांची तुलना करून कोसंबींनी भर्तृहरीच्या शतकत्रयाची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली. वा. वि. गोखले यांच्या सहकार्याने संपादित केलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. पाठचिकित्सेत संपादक एका पाठावर चढलेले उत्तरकालीन थर वेगळे करीत मूळ पाठाकडे जातो. दैवतकथा व दैवतस्थाने यांच्या बाबतीतही असे थर वेगळे करता येतील, असा विश्वास कोसंबींना या कामातून आला असावा असे मानण्यास जागा आहे.

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. परंतु त्यांनी आपले घर पुण्यातच ठेवले. भांडारकर संस्थेजवळील या घरामागे टेकडी होती. पुणे-मुंबई असा आगगाडीचा प्रवास आणि सुटीच्या दिवशी टेकड्या, खिंडी व लेणी यांतील पायपीट, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालू राहिला.

४

मातृदेवतांसंबंधीचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध वाङ्मयीन होता. उर्वशी व पुरूरवा यांच्या कथेवरील हा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंचाण्णवावे सूक्त हा या दोघांचा अठरा ऋचांचा संवाद आहे. शतपथ ब्राह्मणात या संवादाभोवती कथा रचली गेली आणि कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’ या नाटकात तिला सुखान्त प्रेमकथेचे रूप दिले. मूळ सूक्तात मात्र उर्वशी कठोर आहे, पुरूरवा मृत्यूच्या छायेत आहे आणि विनवणी तो करतो आहे. या विसंगतीचा उलगडा कोसंबींनी विधीच्या आधारे केला. त्यांच्या मते हा संवाद एका आदिम विधिनाट्याचा अवशेष होय. देवीची प्रतिनिधी असलेल्या स्त्रीशी विवाह झालेल्या पुरुषाला विधीच्या अखेरीस बळी जावे लागे. पुरूरवा जीव वाचवू पाहतो आणि उर्वशी विधीचा नियम मोडू शकत नाही.

या अर्थनिर्णयाच्या ओघात त्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. पुरूरवा हा ‘ऐल’ आहे. त्याची ओळख इळेवरून, म्हणजे मातेवरून, दिली जाते आणि पुढील परंपरेत याच इळेचे लिंगपरिवर्तन होऊन ती पुरुष बनते. तसेच ऋग्वेदात एकीकडे उषेची स्तुती आहे, तर दुसरीकडे विपाशा नदीच्या तीरी इंद्राने उषेचा रथ मोडल्याचा उल्लेखही आहे. स्तुत्य देवतेवर देवांच्या राजाने केलेला हा प्रहार कोसंबींना जुन्या मातृदेवतेच्या पूजकांशी झालेल्या संघर्षाचा अवशेष वाटला.

हा अर्थ सर्वमान्य झाला नाही. नरबळीचा प्रत्यक्ष पुरावा सूक्तात नाही, हा आक्षेप वजनदार आहे. सिंधू संस्कृतीच्या अंताविषयी त्यांनी स्वीकारलेली आर्य आक्रमणाची कल्पनाही पुढील पुरातत्त्वीय संशोधनात टिकलेली नाही. असे असले तरी एका कथेची वैदिक, ब्राह्मणकालीन व अभिजात अशी तीन रूपे समोर ठेवून, स्त्रीचा अधिकार प्रत्येक टप्प्यावर कसा उणावत गेला हे दाखवण्याची त्यांची रीत साहित्याच्या अभ्यासकास आजही उपयोगी पडते. ज्या उर्वशीच्या हाती मूळ संवादात निर्णय होता, ती कालिदासाच्या नाटकात राजाच्या सहवासासाठी इंद्राच्या कृपेवर अवलंबून राहते.

५

दुसरा निबंध १९६० मधला. त्याचा आरंभ शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील एका लहानशा प्रसंगाने होतो. पहिल्या अंकात चारुदत्त गृहदेवतांची पूजा आटोपून मित्र मैत्रेयाला चव्हाट्यावर जाऊन मातृकांना बली ठेवण्यास सांगतो. घरच्या देवतांची पूजा घरात होत असताना या मातृका गावाबाहेर, वाटा एकत्र येतात तेथे का, असा प्रश्न कोसंबींनी केला. टीकाकारांनी रूढी म्हणून सोडून दिलेल्या या तपशिलाचे उत्तर शोधण्यास ते मावळात उतरले.

तेथे त्यांना जी देवीस्थाने आढळली त्यांपैकी पुष्कळ आजच्या गावठाणापासून दूर होती. गाव हलले की ग्रामदेवता सहसा गावाबरोबर येते. या देवी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांच्यापैकी कित्येकींना घडवलेली मूर्ती नव्हती. शेंदराने माखलेला तांदळा एवढेच त्यांचे रूप. शेंदूर हा जुन्या रक्तबलीचा पर्याय होय, असे कोसंबींचे मत होते. या स्थानांच्या आसपास आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांवर त्यांना गारगोटीसारख्या दगडांची सूक्ष्मास्त्रे मोठ्या संख्येने सापडली. त्यावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, नांगरी शेती रूढ होण्यापूर्वी अन्न गोळा करणारे व गुरे-मेंढ्या राखणारे गट ऋतुमानानुसार ज्या मार्गांनी फिरत, त्या मार्गांच्या संधिस्थानी ते एकमेकांना भेटत, देवाणघेवाण करीत व सामाईक विधी करीत. चव्हाट्यावरील मातृका त्या भेटीच्या जागा राखून आहेत. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या मार्गावरही त्यांनी अशी सूक्ष्मास्त्रे टिपली आणि वारीचा मार्ग भक्तिसंप्रदायाहून फार जुना असावा, असे सुचवले.

लेण्यांचा पुरावाही त्यांनी याच दृष्टीने तपासला. कार्ले येथे चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे आणि मुंबई-कोकणपट्टीतील कोळी समाज तिच्या यात्रेला येतो. बेडसे येथील विहारात यमाईची पूजा होते. जुन्नरच्या मानमोडी डोंगराचे नाव तेथील प्राचीन शिलालेखातील नावाशी त्यांनी जोडून दाखवले आणि मावळ या प्रदेशनामाचा संबंध कार्ल्याच्या लेखातील ‘मामाल’ या नावाशी व मावळाया या जलदेवतांशी लावला. भिक्षूंनी लेण्यांसाठी व्यापारी मार्गांवरील जागा निवडल्या तेव्हा त्या जागा आधीपासूनच पवित्र मानल्या जात होत्या. विहार ओस पडल्यावर देवी पुन्हा प्रकट झाली, ही त्यांची मांडणी. धर्मानंदांनी बुद्धवचनांच्या शोधात ग्रंथ धुंडाळले होते. त्यांच्या मुलाने बुद्धाच्या लेण्यांतून त्याहून जुन्या देवतेचा माग काढला.

६

पितृप्रधान धर्माच्या उदयाविषयी कोसंबींचे सर्वांत मार्मिक निरीक्षण म्हसोबासंबंधीचे आहे. पौराणिक धर्मात महिषासुर हा देवीचा शत्रू. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच्या रूपात पूजिली जाते. पुणे परिसरातील गावांत मात्र म्हसोबा, म्हातोबा किंवा म्हस्कोबा हा पूज्य देव आहे आणि जोगूबाई अथवा जोगेश्वरी ही त्याची पत्नी आहे. पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबा व जोगेश्वरी यांचा विवाहसोहळा दरवर्षी साजरा होतो. एकाच प्रदेशात देवी महिषाला मारते आणि त्याच्याशी लग्नही करते, ही विसंगती कोसंबींनी पुराव्याचे स्थान देऊन वाचली. त्यांच्या मते गोपालकांचा देव आणि आधीच्या अन्नसंग्राहकांची देवी एकत्र आली तेव्हा प्रारंभी संघर्ष झाला. दोन मानवगट एकमेकांत मिसळले तेथे त्यांच्या देवतांचा विवाह झाला. देवांचे लग्न हा माणसांच्या समझोत्याचा दस्तऐवज होय.

हीच कसोटी त्यांनी मोठ्या दैवतांना लावली. शिवाच्या परिवारात पार्वती, नंदी, गजमुख गणेश आणि अनेक मातांचा पुत्र स्कंद हे सर्व एकत्र येतात, कारण हा परिवार मुळात निरनिराळ्या उपासनांचा संघ आहे. कृष्णाच्या असंख्य राण्यांच्या मागे स्थानिक मातृदेवतांच्या उपासनांचे एकेक करून झालेले सामिलीकरण आहे. मराठी घरांतील तुळशीच्या लग्नाचाही त्यांनी असाच विचार केला. वधू तीच असताना लग्न दरवर्षी लागते, याचा अर्थ पूर्वीचा वर दरवर्षी नाहीसा होत असला पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते.

या परिवर्तनाची कारणे त्यांनी उत्पादनपद्धतीत शोधली. खणायच्या काठीने होणारी पहिली शेती स्त्रियांच्या हातची. बैल व नांगर आल्यावर शेत, गुरे व त्यांचा वारसा पुरुषाकडे गेला आणि देवतांच्या जगातही पतीचे स्वामित्व प्रस्थापित झाले. जुन्या अधिकाराच्या खुणा विधींत उरल्या. पुण्यात पाल टाकून राहणाऱ्या फासेपारध्यांचे विधी त्यांनी पाहिले. तेथे देवीपुढे नाचणारा पुरुष स्त्रीवेश धारण करी. पुरोहितपण मूळचे स्त्रीचे होते, याची ही स्मृती असल्याचे त्यांचे मत होते. ब्राह्मण घरांतील बारशात बायका वरवंटा सजवून पाळण्याभोवती एकमेकींच्या हाती देतात. या विधीला भटजी लागत नाही आणि त्याला शास्त्राधारही नाही. अश्मयुगीन अवजाराचा हा विधी पुरुषांच्या ग्रंथधर्माला समांतर असा बायकांनीच चालू ठेवला, हे त्यांनी नेमके हेरले.

७

‘अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ हा ग्रंथ १९५६ मध्ये आणि वरील निबंधांचा समावेश असलेला ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा संग्रह १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नोकरी संपुष्टात आली. कराराचे नूतनीकरण झाले नाही. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी केलेला पुरस्कार, मार्क्सवादी विचारसरणी, शांतता चळवळीतील सहभाग आणि गणिताबाहेरील विषयांतील संचार यांमुळे संस्थेशी त्यांचे अंतर वाढत गेले होते. १९६५ मध्ये प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांवरील त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रकाशित झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात या अभ्यासाची महाराष्ट्रात निरनिराळ्या दिशांनी वाढ झाली. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ १९७८ मध्ये आला. गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) यांनी धनगरांच्या दैवतांचा व मौखिक परंपरेचा अभ्यास करून देवविवाह आणि समाजसंबंध यांचे नाते अधिक तपशिलाने उलगडले. शरद पाटील यांनी मातृसत्तेचा प्रश्न जाति-वर्णाच्या चर्चेशी जोडला.

८

कोसंबींच्या निष्कर्षांना दोन मर्यादा स्पष्टपणे मानाव्या लागतात. सूक्ष्मास्त्रे अतिशय दीर्घ कालखंडात वापरली गेली. देवळाशेजारी ती सापडली म्हणून तेथील उपासना तितकीच जुनी ठरत नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. देवीची स्वतंत्र उपासना म्हणजे स्त्रियांची सत्ता, हे समीकरण सिद्ध करता येत नाही. मानवसमाज सर्वत्र मातृसत्तेच्या अवस्थेतून गेला, हा एकोणिसाव्या शतकातील सिद्धान्त मानववंशशास्त्राने पुढे सोडून दिला. ज्या समाजाने स्त्रीला वारसा नाकारला त्याच समाजाने महिषासुरमर्दिनीला राजसत्तेची देवता मानले. देवीमाहात्म्यात तर देवीचा आविर्भावच सर्व देवांच्या तेजातून होतो आणि तिची आयुधेही देवांनी दिलेली असतात. अशा ठिकाणी देवीचे सामर्थ्य पुरुषदेवतांच्या व्यवस्थेच्या आतच मान्य झालेले दिसते. त्यामुळे एखाद्या कथेतील वा स्थानातील देवीच्या महतीवरून त्या काळच्या स्त्रीच्या स्थानाविषयी निष्कर्ष काढताना वारसा, श्रम आणि विधीचा अधिकार यांचा स्वतंत्र पुरावा मागितलाच पाहिजे. असा पुरावा उत्पादनपद्धतीत शोधण्याचा प्रयत्न कोसंबींनी केला, हे त्यांचे वेगळेपण होय.

या मर्यादा ध्यानी घेऊनही त्यांच्या नोंदींचे मोल कमी होत नाही. उलट काळाबरोबर ते वाढले आहे. त्यांनी पायी तुडवलेले वाकड आता पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे. टेकड्यांच्या उतारांवर इमारती चढल्या आहेत, जुन्या वाटा रस्त्यांखाली गेल्या आहेत आणि कित्येक तांदळ्यांवर चांदीचे मुखवटे व संगमरवरी गाभारे आले आहेत. उघड्यावरच्या देवीला बंदिस्त देऊळ, घडीव मूर्ती आणि पुरुष पुजारी मिळणे, ही कोसंबींनी वर्णिलेलीच प्रक्रिया होय. ती प्राचीन काळी सुरू झाली असली तरी संपलेली नाही. मातृकांना ठेवलेल्या बलीचा नाटकातील एक उल्लेख घेऊन चव्हाट्यापर्यंत चालत जाणाऱ्या या गणितज्ञाने जे टिपून ठेवले, त्यातील काही भाग आता केवळ त्याच्या निबंधांतच पाहावयास मिळतो.